नारिंगी बोया

सोलमधल्या तळघरात, चेंडू मारून गोल्फ खेळायच्या भिंतभर पडद्यावर जेजू बेटाचा किनारा उजळला. गवत डुलत होतं, लाटा आवाज न करता येत होत्या.

"पाण्यावरून मार की लेका! झेंडा समोरच तर आहे," मानसू दोंगिलला म्हणाला. "दर वेळी कसला हा लांबचा वळसा?"

"तो नारिंगी बोया दिसतोय ना? त्याच्याखाली बाई बुडी मारून शिंपले काढतेय. डोक्यात बसेल तिच्या."

"अरे, चित्र आहे ते! कधीचं टिपलेलं!"

"ठाऊक आहे. टिपायला आले तेव्हा मी किनाऱ्यावरच होतो, तिची टोपली धरून." दोंगिल पडद्याजवळ गेला. "या चित्रात माझी बायको अजून वर आलेली नाही."

गेल्याच महिन्यात मानसू तिच्या श्राद्धाला जेवून आला होता. तरी त्याने स्टिक खाली ठेवली, आणि दोघं पाण्याकडे बघत थांबले.