पाहुण्यांपुढचा बिघाड

बघण्याचा कार्यक्रम ठरला की रनाळ्याच्या भाईदासआप्पांच्या घरचा कॉम्प्युटर हमखास बिघडायचा. पोहे संपले की त्यांची स्वप्नाली आलेल्या मुलाला गोड आवाजात म्हणायची, "जरा बघता का? चालू केला की ग्राफिक्स ड्रायव्हरचा एरर येतो आणि स्क्रीन काळी पडते." एकाने केबली हलवल्या, दुसऱ्याने डब्यालाच थापट्या मारल्या. तिसरा तर इंजिनिअर होता, तो छातीठोकपणे म्हणाला, "गेलं हे. नवीन घ्या!" पाहुण्यांची गाडी वळली की स्वप्नाली सेफ मोडमध्ये जायची आणि स्वतःच टाकलेला चुकीचा ड्रायव्हर काढून टाकायची.

मग कोरीटचा हेमकांत आला. त्याने बसल्या बसल्या सेफ मोड उघडला. ड्रायव्हर चुकीचा होता आणि आज सकाळीच कुणीतरी टाकलेला होता. त्याने हळूच मान वर करून स्वप्नालीकडे पाहिलं. ती घाईघाईने पोह्यांच्या रिकाम्या बश्या गोळा करू लागली.

"काय बिगडेल शे?" आप्पांनी विचारलं.

हेमकांतने काहीही न काढता कॉम्प्युटर बंद केला.

"बिघाड मोठा शे, आप्पा. आजना आज व्हवाव नई. माले परत येनं पडी."