शिवरात्रीच्या सुमारास

“ठरल्यास, सुमारास, वाटते!” मल्हाररावांनी कंपनीचा छापील अहवाल सगळ्या सभेला दिसेल असा उंच धरला. “एका वाक्यात तीन पळवाटा, मूर्ती? आम्हाला तारीख सांगा.”

भागधारकांत हशा पिकला. वाक्य साधंच होतं. कसोट्या समाधानकारक ठरल्यास शिवरात्रीच्या सुमारास गिरणीतून कापड निघू लागेल, असे वाटते. ते लिहिणारे इंजिनिअर नरसिंहमूर्ती चष्मा पुसत उभे राहिले.

मल्हारराव महाराजांच्या चाकरीतले पेन्शनर जमादार. त्यांच्या शब्दावर देवराज मोहल्ल्यातल्या कितीतरी शिंप्यांनी या नव्या गिरणीचे शेअर घेतले होते. बाजारात रोज कुणीतरी अडवून विचारायचं, “जमादारसाहेब, कापड कधी?” आणि रोज त्यांना चारचौघांत ओशाळं व्हावं लागायचं.

“बॉयलर नवा आहे, रायरे,” मूर्ती आपल्या कानडी अदबीनं हळूच म्हणाले. “जरा दमानं घ्यावं लागतं.”

“पैसे खाल्ले असतील तर तसं सांगा!” मागून कुणीतरी ओरडलं.

मल्हाररावांनी त्याला गप्प केलं नाही. उलट आवाज चढवून म्हणाले, “शिवरात्रीपर्यंत थांबायचं नाही. येत्या दसऱ्यालाच पहिला तागा चामुंडीदेवीच्या पायांवर घालायचा. होय की नाही, एवढंच बोला.”

मूर्तींनी सभेकडे पाहिलं. एकही चेहरा त्यांच्या बाजूचा नव्हता.

“होय,” ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या संध्याकाळी मल्हारराव मोहल्ल्यातून मिशीला पीळ देत हिंडले.

दसरा तोंडावर आला असताना, कसोट्या पुऱ्या न होताच पेटवलेला बॉयलर फुटला. मूर्तींनी कामगारांना आधीच बाहेर पाठवलं होतं. वाफेची कळ फिरवायला ते एकटेच आत थांबले होते. जीव वाचला, डोळे गेले.

मल्हारराव इस्पितळाच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. शेवटी सरस्वतीबाई नवऱ्याला म्हणाल्या, “घरात असे घुसमटत बसण्यापेक्षा एकदा जाऊन या की हो.” तेव्हा ते गेले.

मूर्तींच्या बायकोनं, शांताक्कांनी, स्टूल पुढे केलं. मल्हारराव बसले. “मूर्ती, मी...” ते म्हणू लागले.

पट्ट्या बांधलेला चेहरा आवाजाच्या दिशेनं वळला. “बिडि, रायरे, सोडून द्या. मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काही यंत्रांतले नव्हे. मी इतकं जपून का लिहिलं होतं, ते तुम्हाला कसं कळणार?”

शांताक्कांनीही पदरानं डोळे टिपत मान हलवली. आता नुसतं ‘होय’ म्हणून उठता आलं असतं. मल्हारराव उठलेही. दारापर्यंत गेले, उंबऱ्याशी थांबले आणि माघारी आले.

“माझा जन्म तोफखान्यात गेला, मूर्ती,” ते म्हणाले. “नवी तोफ आम्ही माणसं लांब ठेवून पुन्हा पुन्हा डागून बघायचो, तेव्हा कुठे तिच्याजवळ उभे राहायचो. तुमचं ते वाक्य मला वाचल्याबरोबर कळलं होतं.”