डॉक्टरीण आणि साहेब

वाळूवर डॉक्टरीण मरून पडलेली दिसली आणि सुनेला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. मग तिची तिलाच लाज वाटली.

डॉक्टरीण म्हणजे तिच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी. माशांच्या तोंडात बिनदिक्कत शिरून साफसफाई करायची, म्हणून हे नाव. सून स्वतः दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, त्यामुळे या बाईबद्दल तिला विशेष आपुलकी. बाकी टाकीत सगळा गरीब कारभार: दोन शंख, एक समुद्रतारा आणि दगडाआड राहणारा भित्रा खेकडा. कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मग सासूबाई गेल्या. सासऱ्यांनी आपलं घर आवरलं आणि ते इथे राहायला आले. सोबत दोन बॅगा आणि झाकणाच्या बादलीत साहेब.

साहेब हा लायनफिश. काटेरी पंख पसरून असा सावकाश फिरायचा, जणू कचेरीत तपासणीला आलाय. सासूबाईंनी त्याला बोटाएवढा असल्यापासून वाढवलेला. आता रोज सकाळी सासरे चिमट्यात मासळीचा तुकडा धरून त्याला भरवायचे आणि हलक्या आवाजात काहीबाही सांगत बसायचे. विषय बहुतेक सासूबाईंचाच असायचा.

"बघ, अख्खा गिळला," ते कौतुकाने म्हणायचे. "पानात टाकायची सवयच नाही याला."

सून तेवढ्यात डॉक्टरीण कुठे आहे ते बघून घ्यायची. शिकारी जात ती, आज तुकडा, उद्या डॉक्टरीण. पण प्रश्न एकट्या कोळंबीचा नव्हता. टाकीपाशी सासरे सकाळ-संध्याकाळ ठाण मांडून असायचे. टाकी तिची राहिली नव्हती आणि दिवाणखानाही. हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. नवऱ्याला मध्ये घालून तिने एवढंच ठरवून घेतलं होतं, की साहेबाने कुणालाही तोंड लावलं तर तो जाईल. सासऱ्यांनी मान डोलावली होती. तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून वाट बघत होती.

आता तिने जाळीने डॉक्टरणीला बाहेर काढलं. मिशा शाबूत, पाय शाबूत, आत मात्र काहीच नाही. चाटूनपुसून खाल्लं होतं मेल्याने. तिने जमेल तेवढं तोंड पाडलं आणि तळहात सासऱ्यांपुढे धरला.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"साहेबाचंच काम, बाबा. मला काही हौस नाही हो, पण आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," ते म्हणाले. "मीच त्याला इथे आणायला नको होतं. आजच देऊन येतो शोभेच्या माशांच्या दुकानात."

"मी येऊ सोबत?"

"नको. त्याचा काटा विषारी असतो, तुला सवय नाही."

संध्याकाळी ते रिकामी बादली घेऊन परतले. कुणी बाहेरगावचं गिऱ्हाईक होतं म्हणे, लगेच घेऊन गेलं. त्यांनी बादली धुतली, पालथी घातली आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवसापासून सासरे आपल्या खोलीतच बसू लागले. दिवाणखाना मोकळा झाला आणि सुनेला त्यात बसवेना. ती त्यांना न मागता चहा नेऊन द्यायची, पंखा हवाय का विचारायची. ते "छान आहे" म्हणायचे. आपण एका म्हाताऱ्या माणसाचं शेवटचं बोलायचं ठिकाण काढून घेतलं, हे तिला दवाखान्यात, बसमध्ये, अंघोळ करतानाही डाचत राहायचं.

रविवारी ती टाकीची काच पुसत होती. पाण्यातल्या तिच्या बोटाला गुदगुल्या झाल्या. डॉक्टरीण नखाच्या कडेला कामाला लागली होती. पूर्वीपेक्षा थोडी मोठी आणि रंगाने नवीकोरी.

कोळंबी वाढताना अंगावरचं कवच अख्खंच्या अख्खं टाकते आणि नवं टणक होईपर्यंत दडून बसते. हे तिने कधीतरी वाचलं होतं. त्या दिवशी ते तिला आठवायचंच नव्हतं.

तिने दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "वाटेवरचं गिऱ्हाईक होतं हो, पत्ता कुठला असणार?"

ती ओल्या हातांनीच सासऱ्यांच्या खोलीत गेली. ते टॉवेलची घडी घालत होते.

"बाबा, मला माफ करा. डॉक्टरीण जिवंत आहे. साहेबाने काही केलं नव्हतं. ती नुसती कात होती."

"हो," ते म्हणाले. "तू हातावर धरलीस तेव्हाच ओळखलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

सासऱ्यांनी घडी पुरी केली.

"मी इथे आल्यापासून तुला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, पोरी."