सोळावा टाका

“खालची ओळ वाचा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शिंपीकाकांनी मान वाकडी केली, डोळा बारीक केला आणि दोन अक्षरं मुद्दाम चुकवली.

“धुरकट दिसतंय हो.”

मागे खुर्चीत त्यांची मुलगी बसली होती. तिच्या बाहीची उसवलेली शिलाई काकांना येतानाच दिसली होती. कानामागचे दोन पांढरे केससुद्धा. हात नुसते शिवशिवत होते, पण बोललं तर बिंग फुटणार.

तिने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून काकांनी सात वर्षं अबोला धरला. मग डोळ्यात फूल पडलं, दुसऱ्याचं बुबुळ बसवायची वेळ आली आणि सोबतीला कुणी हवं म्हणून ती आली. तेव्हापासून टाका काढायच्या प्रत्येक तारखेला येते, दोन गाड्या बदलून. घरी मात्र तिने पाऊल टाकलं नव्हतं. ‘ये’ म्हणायला काकांची जीभ रेटत नव्हती.

बुबुळाला टाके सोळा, केसाहून बारीक, सगळे सुटे.

“सलग धावदोरा का नाही घातलात?” काकांनी तेव्हा धंद्याच्या ऐटीत विचारलं होतं. “एका खेपेत निघाला असता.”

“सुटे बरे. ज्याचा ताण पडतो तेवढाच काढायचा. नजर हळूहळू बसते.”

आता काका त्या सुट्या टाक्यांचे उपकार मानत. पंधरा निघाले. सोळावा तीन खेपा टळला होता, आपल्या चुकीच्या वाचनामुळेच, असं त्यांना वाटे.

मुलगी तारखेचं कार्ड आणायला बाहेर गेली. काकांनी डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवली.

“बाई, एकच उरलाय ना? तो राहू द्या.”

“का?”

“निघाला की ती कशाला येईल? मला सगळं दिसतं हो. तिचं तोंड दिसतं, तेवढ्यासाठीच येतो मी.”

बाईंनी यंत्रातून डोळ्यात पाहिलं.

“घाई नाही,” त्या म्हणाल्या. “तीन महिन्यांनी या.”

काका भिंत चाचपडत, खुशीत, थेंबांची बाटली घ्यायला गेले. मुलगी आत आली. दार लोटून घेत तिने हळूच विचारलं,

“पंधराव्याबरोबर शेवटचा टाकाही तुम्ही गेल्या वर्षीच काढलात, हे बाबांना कळलं तर नाही ना?”