पाच बोल्टांचा हब

बूढा तालाबावर संध्याकाळचं धुकं. जुन्या सुबारूच्या चाकाला चार बोल्ट. पुण्यात ‘हो’, रायपुरात ‘हव’.

पाच बोल्टांची चाकं लागावीत म्हणून ज्ञानदाने त्या गाडीचे हब, चाकं ज्यांवर बसतात ते, बदलायला घेतले होते. ती गाडीखाली आडवी, फक्त पाय बाहेर. उद्या पुण्याला परतणाऱ्या स्वानंदने शेवटी त्या पायांनाच विचारलं, “माझ्याशी लग्न करशील?”

“हव.”

आवाज स्वप्नातून आल्यासारखा, गाडीच्या पोटातून आला. तिने आपलं ऐकलंच नाही, असं वाटून त्याने शेजारी पडलेला चार बोल्टांचा हब उचलून आत सरकवला.

“हा काहून देऊन राहिला?”

“तूच मागितलास ना, हब.”

पान्याचा आवाज थांबला. गाडी हसल्यासारखी हलकेच हलली.

चारही हब ज्ञानदाने सकाळीच बदलले होते; गाडीखाली तिचं काहीच काम उरलं नव्हतं.