साधा कुरव

भर समुद्रावरचे पक्षी नुसत्या उडण्यावरून कसे ओळखायचे, हे चंद्रप्रभाताईंनी दिल्लीत बसून तीस वर्षं पुस्तकांतून पाठ केलं होतं. नोकरी, मग नवऱ्याचं आजारपण. बोटीवर जाणं राहूनच गेलं. त्यांच्याच हाताखाली पक्षी ओळखायला शिकलेली वीणा मात्र ऑफिसच्या कामाला रत्नागिरीला गेली, मच्छीमारांच्या बोटीतून सहज फिरूनही आली. दिल्लीत परतल्यावर यमुनेवरच्या ओखल्याच्या बंधाऱ्यावर तिनं मोबाइल पुढे केला. “ताई, हा कोण?” व्हिडिओत पंख ताठ धरून पक्षी लाटेला टेकत तिरका वळला. शिअरवॉटर, किनाऱ्यावरून सहसा न दिसणारा! ताईंनी क्षणात ओळखलं आणि त्यांचा जीव जळला. “साधा कुरव गं,” त्या म्हणाल्या. “आपल्या यमुनेवर येतो तोच.” “अच्छा! मग कशाला ठेवू?” वीणानं व्हिडिओ पुसून टाकला. तिला अडवायला उठलेला ताईंचा हात हवेतच राहिला. “ताई, पुढच्या महिन्यात पुन्हा जातेय. तुम्हीही चला ना!” ताईंना तिच्याकडे बघवेना.