अर्ध्या किलोचं माप

पानठेल्यावर चुन्नीलालनं शर्त लावली, "दुर्गेश्वरीची रुची या खेपेले दहा किलो भरते. नाही भरली तं चौकात मिशी काढतो!" योगराज हसला, "वस्तरा मीच आणतो भाऊ." चुन्नीलालच्या शेजारणीच्या या लेकीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र; दहा किलो झाल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनची तारीख देत नव्हते. धान तोलणाऱ्या चुन्नीलालला काट्याच्या साऱ्या खोड्या ठाऊक. दवाखान्यात सोबत जाऊन त्यानं हळूच तिच्या फ्रॉकच्या खिशात अर्ध्या किलोचं माप सरकवलं. नर्सनं फ्रॉक काढायला लावला, माप दणकन पडलं. पोरगी साडेनऊच भरली. दुर्गेश्वरीनं पोरीला कवटाळलं, "काकाजी, कमी वजनात बेशुद्ध केल्यावर पोरगी उठलीच नसती तं?" दुसऱ्या दिवशी चुन्नीलाल चौकात योगराजच्या वस्तऱ्यापुढे बसला. अर्धी मिशी निघाली तशी रुची टाळ्या पिटत हसली, हसता हसता ओठ निळे पडले. दुर्गेश्वरीनं तिला उचललं, "हसवू नोका जी."